१९५१ ची प्लिमथ, दोन महापूर खाऊन उभी आहे. रस्त्यावर आणायची तर आधी हात कुठं घालू?

गूळरवा (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, चहा घेऊनच वाचा.

शाहूपुरीत आमचं गुळाचं जुनं गोडाऊन आहे. त्यात मागच्या भिंतीला १९५१ ची प्लिमथ क्रॅनब्रुक उभी आहे. चार दारं, सहा सिलिंडर, स्टेअरिंग डावीकडं आणि गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच. आजोबांनी १९६४ मध्ये मुंबईच्या एका डॉक्टरांकडून घेतली. सौदे आटोपले की ते तिच्यातून घरी यायचे आणि अख्खी गल्ली तिला 'आगबोट' म्हणायची. १९८८ ला पुढच्या ब्रेकचा सिलिंडर गळायला लागला, पार्ट मिळेना, तेव्हा "दिवाळी झाली की बघू" म्हणून बाबांनी ती मागं लावली. त्यानंतर किती दिवाळ्या झाल्या ते तुम्हीच मोजा.

मधे दोन महापूर झाले. २०१९ ला पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं होतं, २०२१ ला चाकाच्या निम्म्यावर. गुळाचे रवे (म्हणजे ढेपा) माळ्यावर चढवले. गाडी कुठल्या माळ्यावर चढवणार?

मी अडतीचे हिशेब बघते, पाना धरायला ह्याच वर्षी शिकले. आजवरचा पराक्रम आधीच सांगते, म्हणजे शिव्या एकदम घालता येतील. एका गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. त्यानं आल्या आल्या बारा व्होल्टची बॅटरी जोडली. हॉर्न असा काही किंचाळला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली, आणि डॅशबोर्डचे बल्ब गेले ते गेलेच. गाडी सहा व्होल्टची आहे हे बाबा ओरडून सांगत होते. त्याचं उत्तर, "काका, सहा व्होल्ट स्कूटरला असतंय." मग चाकं काढायला घेतली. उजवीकडची दोन्ही निघाली. डावीकडचे बोल्ट हलेनात, तर त्यानं पान्याला चार फुटी पाइप घातला, त्यावर उभा राहिला, आणि दोन बोल्टची मुंडकी कटाकट तुटून फरशीवर पडली. मी एक उचलून घासलं, तर त्यावर 'एल' अक्षर उठवलेलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ह्यात जीव राहिला नाही. बोलेरोचं डिझेल इंजिन टाकू, पॉवर स्टेअरिंग टाकू, एसी टाकू, लग्नाला भाड्यानं द्या." त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

आता सध्याची तऱ्हा. हँडल मारलं की इंजिन पाव फेरा फिरतं आणि थडकतं. उलट फिरवलं की तेवढंच परत येतं. क्लचचा पेडल खाली जातो, पण गिअरमध्ये गाडी ढकलली की क्लच सुटत नाही. डिफरन्शिअलचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरपेटीचा) बोल्ट काढला तर आतून ऑइल आलं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. ब्रेकचा पेडल दगड. टाकीत काय आहे ते विचारू नका, वासानं बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आरसी बुक आहे, आजोबांच्या नावावर. ते १९९१ ला गेले.

बाबा ७८ चे आहेत. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात आणि मी करते ते सगळं कसं चुकतंय ते सांगतात. त्यांना फायरिंग ऑर्डर, म्हणजे कुठल्या सिलिंडरनंतर कुठला पेटतो तो क्रम, पावकी-निमकीसारखी पाठ आहे: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. पण पाठांतरानं क्लच सुटत नाही.

तर, आधी काय उघडू? इंजिन चालू करायची घाई बाबांना आहे, मला नाही. खर्चाचा आकडा बाबांच्या कानावर घालणार नाही, तेव्हा मोकळेपणानं सांगा.

तांबडापांढरा

नाद खुळा भावा!!! फोटो टाक की. दसऱ्याला दसरा चौकात महाराजांची जुनी मेबॅक मोटार येती, तिच्या मागनं तुझी आगबोट. जगात भारी.

गूळरवा

भावा नव्हे, ताई. फोटो बोनेट बसवल्यावर. आत्ता तिथं मांजर व्यालंय.

पॅटर्नवाला (शिरोली)

ताई, मी मेकॅनिक नव्हे. शिरोलीत फौंड्रीत पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचे नमुने) करण्यात चाळीस वर्षं गेली. पण बीडाची (ओतीव लोखंडाची) इंजिनं आतनं कशी असतात ते मला बाहेरनं दिसतंय, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, बॅटरीला हातच लावू नका. पाव फेरा फिरून थडकतंय म्हणजे इंजिन जाम नाही. पुरा जाम असतं तर हललंच नसतं. गाडी लावली तेव्हा ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात पस्तीस पावसाळे दमट हवा शिरत राहिली. त्याच्या बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाची कड धरलीय. पिस्टन तिथंवर जातोय आणि आपटून परत येतोय. आता सेल्फ मारून तिला जबरदस्तीनं पुढं नेलं तर रिंग तुटणार आणि बोअरला ओरखडा पडणार. सगळे प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ ऑइल निम्मं-निम्मं करून अर्धा कप सोडा, आणि आठ दिवस विसरा. रोज सकाळी हँडल हातानं जरा पुढं, जरा मागं. जोर लावायचा न्हाई. कुलूप उघडताना चावी हलवतो तसं.

तरी नाही झालं तर हेड काढा. ह्या इंजिनात व्हॉल्व्ह हेडात नसतात, ब्लॉकमध्येच बाजूला असतात. त्यामुळं हेड म्हणजे नुसतं झाकण. रॉकर नाहीत, पुशरॉड नाहीत. पण काही बोल्ट खाली पाण्याच्या पोकळीत उतरलेले असतात आणि तेच गंजलेले असतात. गरम करा, ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या, मग सोडवा. तुमच्या त्या चार फुटी पाइपवाल्याला त्या दिवशी गल्लीत येऊ देऊ नका.

आता मुद्द्याचं. हे मी बोलतोय ते बहुतेक लोक गाडी पहिल्यांदा तापल्यावरच शिकतात. पाण्याच्या पंपामागं, ब्लॉकच्या आत, एक चपटी पत्र्याची नळी पुढपासनं मागपर्यंत लांबच्या लांब घातलेली असते. तिला ठरावीक अंतरावर खाचा असतात. पंपाचं गार पाणी एकेका एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बुडाशी नेऊन सोडायचं, एवढंच तिचं काम. पण ती पत्र्याची आणि बुडालेली पाण्यात. सत्तर वर्षांत तिची चाळण झाली असणार. मग गार पाणी पुढच्या पुढंच फिरून परत जातं, मागचे सिलिंडर भाजत राहतात, आणि डॅशबोर्डवरचा काटा मात्र मजेत मधोमध उभा. रेडिएटर काढा, पंप काढा, भोकातनं टॉर्च लावून बघा. टोक दिसलं तर आकड्यानं ओढा. सरळ आली तर देवाला नारळ फोडा. तुकडे झाले तर एकेक तुकडा मोजून बाहेर काढा, आत ठेवू नका. जुन्यावरनं माप घेऊन पितळी पत्र्याची नवी करता येते. खाचा होत्या तिथंच आणि तेवढ्याच पाहिजेत, मोठ्या केल्या तर शेवटच्या सिलिंडरला पाणी उरत न्हाई.

नळी बाहेर आहे तोवर ब्लॉकच्या अंगाची गोल पत्र्याची बुचं पण काढा. आतनं जो लाल चिखल निघंल तो वाळवून बोटात चोळून बघा. त्यात कोअरची वाळू (ओतताना आतल्या पोकळीसाठी घालतात ती) सापडली तर मला कळवा. म्हणजे १९५१ ला अमेरिकेतल्या फौंड्रीत ज्यानं फेटलिंग (ओतलेला माल साफ करायचं काम) केलं त्यानं शेवटची वाळू झाडली नव्हती. आमच्यात अशा पोराला दुपारच्या चहाला मुकावं लागायचं.

क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटलीय, बाकी काही न्हाई. पेडल दाबून धरायला सीटपर्यंत लाकडी ठोकळा लावून ठेवा. इंजिन सुरू होऊन चांगलं तापलं की बहुतेक वेळा आपसूक सुटतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायची घाई करू नका.

आणि इंजिन बदलायचं नाव काढू नका. लई वाईट वाटतं.

किंग्जवे_सांगली

पॅटर्नवाले काकांनी पाण्याच्या नळीचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. माझ्याकडे १९५४ ची डॉज किंग्जवे आहे. किंग्जवे म्हणजे आतून तुमचीच प्लिमथ, नाकावर फक्त डॉजचा बिल्ला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याला १९४७ पासून क्रायस्लरच्या ह्या गाड्या जोडायला घेतल्या, त्यामुळे आपल्या भागातल्या बहुतेकींचं स्टेअरिंग उजवीकडे असतं. तुमची डावीकडे आहे, म्हणजे ती जोडणीची नव्हे, अख्खी बाहेरून आलेली. हे कागदपत्रांच्या वेळी कामाला येईल.

डावीकडच्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असतात. 'एल' म्हणजे लेफ्ट. गाडी पुढे चालताना बोल्ट आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून क्रायस्लरने तसं ठेवलं होतं. म्हणजे तुमचा माणूस दोन तास बोल्ट आवळत होता. वाईट वाटून घेऊ नका, मी स्वतः तीन तोडले आहेत. इथे ड्रममध्ये स्टड नसतात, बोल्टच हबमध्ये फिरतात. त्यामुळे तुटलेला तुकडा मधोमध भोक पाडून काढता येतो, हब बदलावा लागत नाही.

आता ब्रेक. माझ्या मते तुम्ही इंजिनाच्या आधी हेच करावं, आणि बाबांना न सांगता करावं. पुढच्या प्रत्येक चाकात दोन सिलिंडर आहेत, मागच्यात एकेक. एकूण सहा, शिवाय पायाखालचा मास्टर, जो पेडल दाबला की सगळ्यांना ऑइल ढकलतो. सगळ्यांना मिळून एकच लाइन. आजच्या गाडीसारखे दोन वेगळे भाग नाहीत. एक रबर फुटलं की चारही चाकं गेली. म्हणून "पाच धड आहेत, सहावाच बदलू" हा विचार करू नका. सहाही उघडा. बोअरला खड्डे पडले असतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात, यंत्रकामाच्या वसाहतीत, लेथवर आतून स्लीव्ह (धातूची पातळ नळी) बसवून मूळ मापाला आणता येतात. रबरं आणि गॅस्केट अमेरिकेहून मागवता येतात. हे सहा सिलिंडरचं इंजिन प्लिमथने १९५९ पर्यंत वापरलं, ट्रकांत आणि कारखान्यांच्या यंत्रांतही लाखांनी गेलं, त्यामुळे पार्ट अजून निघतात. फक्त हेड गॅस्केट मागवण्याआधी हेडची लांबी टेपने मोजा. साडेतेवीस इंच आणि पंचवीस इंच अशी दोन घराणी आहेत. अमेरिकेतली प्लिमथ साडेतेवीस, कॅनडातली पंचवीस. मी न मोजता मागवलं होतं. ते गॅस्केट आज दिवाणखान्यात फ्रेम करून लावलंय.

मागचे ड्रम काढताना खरा कस लागेल. ते एक्सलच्या निमुळत्या टोकावर दाबून बसवलेले असतात. हातोडीनं निघत नाहीत, आणि हातोडी मारलीत तर आतल्या बेअरिंगची वाट लागते. जाड पोलादाचा पुलर (ड्रम ओढून काढायचं साधन) करून घ्या, जो चाकाच्या बोल्टच्याच भोकांत धरतो. मधला नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे ढिला करून तिथेच ठेवा. पुलर ताणा, वरून एक ठोका द्या, पुन्हा ताणा, आणि झोपायला जा. नट ठेवला नाहीत तर ड्रम सुटताना भिंतीत जाऊन बसेल. गंमत म्हणून सांगत नाही.

हँडब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या शेपटीला वेगळा ड्रम आहे त्यावर आहे. म्हणजे मागचा शाफ्ट खोलला किंवा एक्सल काढला की हँडब्रेक नुसता शोभेचा. चाकाखाली लाकडी ओंडके घातल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.

विजेचं थोडक्यात: सहा व्होल्ट, आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. उलटं नाही. सहा व्होल्टला करंट दुप्पट लागतो, म्हणून आजच्या बॅटरीच्या बारीक वायरी लावल्या की सेल्फ म्हाताऱ्यासारखा कण्हतो आणि लोक बारा व्होल्टकडे धावतात. वेल्डिंगची जाड केबल लावा, टोकं नीट आवळा, बॉडीला जिथे जोडायची तिथला रंग घासून लोखंड चमकवा. डायनॅमो जोडल्यावर पहिल्यांदा सुरू करायच्या आधी कटआउटवर (डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीवर) 'बॅट' आणि 'आर्म' ह्या दोन टोकांना वायरचा क्षणभर स्पर्श द्या. बारीक ठिणगी पडेल. त्याने डायनॅमोला कळतं आपण कुठल्या बाजूने चार्ज करायचं ते. त्या बारा व्होल्टवाल्याने उलट जोडलं असेल तर हे करावंच लागेल.

उसाची_मोळी

टाकीबद्दल कोणीच बोलंना म्हणून. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय. आपल्याच उसाचं, पण आपल्याच जुन्या गाडीचं रबर खातंय. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे टाका, नाहीतर महिन्यात फुगून कार्बोरेटरमध्ये काळी पेज. गाडी महिनाभर उभी राहणार असली तर टाकी रिकामी ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

टाकी धुवायला: आत मूठभर नट आणि रॉकेल टाकून ती बांधकामाच्या काँक्रीट मिक्सरला बांधली, ड्रम हळू फिरवत एक तास. मिक्सरवाल्यानं दोनशे घेतले आणि वर हसला. धुतल्याशिवाय टाकीजवळ वेल्डिंग नको. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट उडते.

तांबडापांढरा

ताई, शिसं नसलेलं पेट्रोल चालतंय का हिला? आमच्या मामाच्या जुन्या गाडीच्या व्हॉल्व्हच्या सीटा (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) खाल्ल्या होत्या म्हणं.

किंग्जवे_सांगली

चालतं. शिसं २००० सालीच गेलं देशातून, माझी त्यानंतरही धावतेय. ह्या इंजिनात एक्झॉस्टच्या सीटा कंपनीनेच कडक धातूच्या वेगळ्या बसवल्या आहेत. ती काळजी दुसऱ्यांनी करावी.

आरसीबुक (पुणे)

तांत्रिक बाबतीत मी गप्प बसतो. कागदांचं सांगतो, कारण लोक गाडी चकाचक करतात आणि मग फाटकात अडकतात.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची गाडी त्यात बसते. अट अशी की ती मूळ रूपात असली पाहिजे, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे बोलेरोचं इंजिन टाकलं असतं तर हा दरवाजा तुम्ही स्वतःच बंद केला असता. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा आणि जुनं आरसी. नव्याने नोंदवायची तर २०,००० रुपये फी, आधीच्या नोंदणीवरून पुन्हा करायची तर ५,०००. प्रमाणपत्र दहा वर्षांचं. नवी नोंदणी असेल तर नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. तुमच्यासारखी आधीच नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. तो ठेवाच, ती पाटी बघायला माणसं थांबतात.

पण लोक पुढचं वाचत नाहीत. व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, आणि ह्यांच्यासाठीची ये-जा, एवढंच. भाड्याने तर नाहीच. बाबांना घेऊन रविवारी नृसिंहवाडीला जायचं असेल तर ते ह्यात बसत नाही. तसं जायचं तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण करा: दर पाच वर्षांनी तपासणी, आणि बाहेरून आलेल्या चारचाकीला फी देशी गाडीच्या कितीतरी पट. आधी घरात ठरवा, गाडी कशासाठी पाहिजे.

दोन्ही वाटांच्या आधी नाव बदलायला हवं. मालक वारले असतील तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांच्या संमती. इतकी जुनी नोंद संगणकात नसते, तेव्हा आधी ती बॅकलॉग म्हणून चढवून घ्यावी लागेल. आरसी बुकाच्या प्रत्येक पानाची प्रत काढा, कोरी पानंसुद्धा. चासीवरचा नंबर खरवडू नका, आधी फक्त ओल्या फडक्याने पुसा. घासताना एक आकडा गेला तर सगळं मुसळ केरात.

डावीकडचं स्टेअरिंग चालतं, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे दिशा दाखवणारं चालू सिग्नल यंत्र पाहिजेच. हात दाखवून भागत नाही. इंडिकेटर नसतील तर सहा व्होल्टचे बसवून घ्या.

गूळरवा

पाच महिन्यांनी येतेय. राग मानू नका, मार्चअखेर होता.

ऑइल सोडून अकरा दिवस हँडल हलवलं. बाराव्या दिवशी पाव फेऱ्याचा अर्धा झाला आणि तिथंच थांबला. हेड काढलं. पाचव्या सिलिंडरमध्ये, काकांनी सांगितल्यासारखी, बोटाला लागेल अशी गंजाची कड. बाकीचे पाच आरशासारखे. होन करून (आतून घासून) घेतलं, बोअर मापात भरला. हेड साडेतेवीस इंच निघालं. बाबा म्हणाले, "मला माहीतच होतं." माहीत नव्हतं.

पाण्याची नळी सरळ आली नाही. पहिला तुकडा चार इंचाचा, मग दोन, मग नुसती पापडासारखी पूड. मी फरशीवर वर्तमानपत्र अंथरून तुकडे ओळीनं लावले, तरी मधला सहा-सात इंचाचा भाग सापडेना. शेवटी बुचाच्या भोकातून वाकड्या तारेनं काढला, दीड दिवस गेला. नवी पितळेची केली. आणि काका, वाळू सापडली. चिखल वाळवून चाळला तर बारीक करड्या दाण्यांची, चिमूटभर. औषधाच्या बाटलीत भरून ठेवलीय. तुमच्याकडं पाठवते.

मागच्या ड्रमचं ऐका. पुलर उद्यमनगरात करून घेतला, पाऊण इंची प्लेट. संध्याकाळी सातला ताणला, ठोका दिला, काही नाही. आणखी ताणला, काही नाही. घरी गेलो. बाबांना झोप येत नाही म्हणून ते रात्री गोडाऊनच्या वरच्या खोलीत होते. अडीचला त्यांचा फोन, "खाली डीपी उडाली, लाइट आहे तरी!" मी धावत गेले. डीपी धड होती. डावा ड्रम नटाला टेकून बसलेला, पुलर तिरका लोंबकळतोय. नट काढून टाकला असता तर समोरच्या रव्यांच्या थप्पीत ड्रम गेला असता. सांगलीकर, तुमचे उपकार. उजवा दुसऱ्या दिवशी दुपारी सुटला, तेव्हा गल्लीतलं कुत्रं जे पळालं ते संध्याकाळी आलं.

ब्रेकच्या सहाच्या सहा सिलिंडरना स्लीव्ह. डिफरन्शिअल तीनदा धुतलं, तिसऱ्यांदा ऑइल स्वच्छ निघालं. टाकी मिक्सरला बांधली, आमचा मिक्सरवाला तीनशे मागत होता.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते मामांच्या शिरोलीतल्या कारखान्याच्या आवारात, गाडी टोचन करणाऱ्या ट्रकवर घालून नेली होती. रस्त्यावर काढली नाही, आरसीबुक, शपथ. पहिल्या वेळी फटाफट मागं धूर, कारण मी वायरी एक-दोन-तीन अशा ओळीनं लावलेल्या. बाबा खुर्चीतून काहीच बोलले नाहीत, फक्त पाढा म्हणाले. वायरी बदलल्या, दुसऱ्या सेल्फला लागली. चालू आहे हे कळायला बोनेटवर हात ठेवावा लागतो, इतकी गप्प चालते. वीस मिनिटांनी, पेडलवर ठोकळा होताच, खालून 'टक्' झालं आणि क्लच सुटला.

गाडी बाबांनीच चालवली. आवारात दोन फेऱ्या, पहिल्या गिअरमध्ये. गुडघ्याला क्लच जड जात होता, तर तिसऱ्या फेरीला त्यांनी मला बसवलं आणि स्वतः शेजारी बसून ओरडत राहिले.

कागदांचं: फॉर्म ३१ दिलाय, आत्यांच्या संमत्या आल्या, बॅकलॉगची नोंद व्हायचीय. व्हिंटेजच करतोय. नृसिंहवाडीला बाबा म्हणाले एसटीनं जाऊ.

एकच अडचण राहिलीय. पुढचं उजवं चाक गरम होतं. दोन फेऱ्यांत ड्रमला हात लावून घेत नाही. बाकीची तीन गार. सिलिंडरचे स्लीव्ह नवे, रबरं नवी, ड्रमला घासणारे शू पण नवे. शू ड्रमपासून किती दूर राहतील ते ठरवणारे कॅम नीट लावलेत असं मला वाटतं, पण मला आधीही बरंच काही वाटलंय.

पॅटर्नवाला (शिरोली)

शिरोलीत आला आणि हाक मारली न्हाई? बरं असू दे. वाळू पाठवू नका, मी येऊन बघतो.

एकच चाक गरम म्हणजे मास्टरचा दोष नव्हे. त्या चाकाचा रबरी होज (ब्रेक ऑइलचा पाइप) नवा टाकला का जुनाच ठेवला, ते तुम्ही लिहिलं न्हाई. गाडी फिरवून चाक तापलं की जॅकवर घ्या आणि ब्लीडरचा (ब्रेकमधली हवा काढायचा) बोल्ट अर्धा फेरा ढिला करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर होज आतनं फुगलाय, ब्रेक सोडला तरी ऑइल परत जाऊ देत न्हाई. चाक तरी अडकलेलंच राहिलं तर कॅम जास्त वर घेतलाय, जरा मागं फिरवा. ब्लीडर उघडताना डोळा बाजूला ठेवा, आणि बाबांची खुर्ची दुसऱ्या अंगाला.

गूळरवा

होज जुनाच आहे. लिहायचं राहिलं नव्हतं, लपवलं होतं.